मांजर, पिंजरा आणि सव्वाशे वर्षं

ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना हे सांगायला नकोच. माळ्यावरून पिंजरा खाली काढल्याचा नुसता आवाज झाला, की इतका वेळ सोफ्यावर लोळणारं मांजर गायब होतं. मग पलंगाखाली बॅटरी मारायची, एकाने इकडून अडवायचं, दुसऱ्याने तिकडून. शेवटी हातावर चार-पाच ओरखडे घेऊन ते ध्यान एकदाचं आत कोंबायचं आणि दवाखान्यापर्यंत रिक्षावाल्यासकट सगळ्यांनी त्याचं रडगाणं ऐकायचं.

हे काही फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही. २०११ साली अमेरिकेत बायर कंपनीने पाळीव प्राण्यांच्या मालकांची एक मोठी पाहणी केली होती. त्यात मांजरवाल्यांपैकी ५८ टक्के लोक म्हणाले, की आमच्या मांजराला डॉक्टरकडे जायचा तिटकारा आहे. ३८ टक्के लोकांना तर तिकडे जायच्या नुसत्या विचारानेच टेन्शन येत होतं. आता यात हसण्यासारखं बरंच आहे, पण याचा पुढचा भाग हसण्यासारखा नाही. ज्या कामाचं टेन्शन येतं ते काम आपण पुढे ढकलतो. आणि मांजर दुखणं लपवण्यात पटाईत असतं. ते 'आजारी दिसायला' लागतं तोवर बऱ्याचदा दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं.

आमच्याकडे मनी आहे, वय वर्षं चौदा. गेल्या वर्षी तिला किडनीचा त्रास निघाला, आणि तेव्हापासून दर तीन महिन्यांनी रक्त, लघवी, ब्लडप्रेशर ही वारी ठरलेली. त्यामुळे गेले काही वीकएंड मी या विषयाच्या मागे लागलो. सुरुवात 'मांजराला शांत कसं ठेवावं' इथून केली आणि बघता बघता इतिहासात शिरलो. कारण एक प्रश्न डोक्यातून जाईना. कुत्रा गाडीच्या खिडकीतून जीभ बाहेर काढून मजेत जातो, मग मांजराचंच असं का?

उत्तर शोधायला जरा लांब जावं लागेल, सायप्रस बेटावर. तिथे शिलुरोकांबोस नावाच्या ठिकाणी फ्रेंच संशोधकांना सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. २००४ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. एक माणूस, आणि त्याच्यापासून जेमतेम हातभर अंतरावर साधारण आठ महिन्यांचं एक मांजर. ते पूर्ण पाळीव होतं की माणसाळवलेलं रानमांजर, यावर वाद आहेत. पण एक गोष्ट नक्की. सायप्रसमध्ये मूळची मांजरं नव्हतीच. म्हणजे कोणीतरी ती होडीत घालून समुद्रापलीकडून आणली होती. माणूस आणि मांजर यांच्या सोबतीचा सगळ्यात जुन्यांपैकी एक पुरावा हा मुळात मांजराच्या प्रवासाचाच पुरावा आहे!

पण प्रवास केला म्हणून स्वभाव प्रवासी झाला असं नाही. कुत्र्याचे पूर्वज कळपात शिकार करणारे. माणूस हाच त्याचा कळप, त्यामुळे माणूस जाईल तिथे तो खूश. मांजराचा पूर्वज एकटा शिकार करणारा, स्वतःची हद्द राखून राहणारा. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे मांजर आलं. माणसाशी त्याचं जमलं, पण त्याचा खरा करार झाला तो जागेशी. आमची आजी सरळ म्हणायची, 'कुत्रं माणसाचं, मांजर घराचं.' जीवशास्त्राचं पुस्तक न उघडता तिने मुद्दा बरोबर पकडला होता.

आता कोणी म्हणेल, की जहाजांवर मांजरं असायचीच की! ती कशी राहायची मजेत? इथे मला ट्रिम आठवतो. ट्रिम हा बोका १७९९ साली 'रिलायन्स' या इंग्रजी जहाजावर, भर समुद्रात जन्माला आला. ऑस्ट्रेलियाची परिक्रमा करून नकाशा काढणाऱ्या मॅथ्यू फ्लिंडर्सचा तो लाडका. लहान असताना पाण्यात पडला तर दोराला धरून वर चढून आला म्हणे. फ्लिंडर्सबरोबर त्याने ऑस्ट्रेलियाला वेढा घातला, वाऱ्यावादळात सगळं निभावून नेलं. पुढे १८०३ च्या डिसेंबरात मॉरिशस बेटावर फ्रेंचांनी फ्लिंडर्सला कैद केलं. ट्रिमला तिथल्या एका फ्रेंच बाईंच्या घरी ठेवायला दिलं. अर्धी पृथ्वी फिरलेला हा बोका त्या घरातून थोड्याच दिवसांत नाहीसा झाला आणि परत कधी सापडला नाही. फ्लिंडर्सने त्याच्यावर एक हृद्य आठवणलेख लिहून ठेवला आहे.

मला यातून कळलं ते असं. जहाजावरचं मांजर आपल्या दृष्टीने प्रवास करत होतं, त्याच्या दृष्टीने ते घरीच होतं. घर हलत होतं एवढंच. वास तेच, दोर तेच, माणसं तीच. अवघड गेलं ते घर बदलल्यावर. आणि आपण पिंजऱ्यात घालून नेतो तेव्हा नेमकं हेच होतं. अंतर दोन किलोमीटर असलं तरी मांजराच्या दृष्टीने हद्द सुटलेली असते.

आपल्याकडे तर मांजराच्या प्रवासाचा इतिहास आणखी वाईट. गावाकडे किंवा जुन्या वाड्यांत दूध सांडणारा, शिंकाळ्यावर उडी मारणारा बोका फार झाला की त्याला पोत्यात घालायचं, तोंड बांधायचं आणि नदीपलीकडे सोडून यायचं. (बऱ्याचदा तो दोन-तीन दिवसांत परत हजर व्हायचा, तो भाग वेगळा :-) ) म्हणजे कितीतरी पिढ्या आपल्याकडच्या मांजरांचा माणसाबरोबरचा प्रवास एकच, हद्दपारी! मांजराला इतिहास माहीत नसतो हे खरं, पण अंधाऱ्या पिशवीत कोंबून भलतीकडे नेणं हे त्याला का आवडावं?

बरं, मांजराला धरण्याची पद्धतही आपण त्याच्या आईकडून उचलली. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते असं आपण म्हणतो. ती पिल्लाला मानेच्या कातडीला धरून उचलते आणि पिल्लू हातपाय सोडून निमूट लोंबकळतं. ते बघून माणसाने ठरवलं, की मोठ्या मांजरालाही असंच धरावं. दवाखान्यांतही वर्षानुवर्षं ही पद्धत चालली. पण पिल्लाचं ते शिथिल होणं वयाबरोबर जातं. मोठं मांजर गप्प बसतं ते भीतीने ताठून, आराम वाटतो म्हणून नव्हे. अमेरिकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय मांजर-वैद्यक संघटनांनी २०२२ साली मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत मानगूट धरणं टाळाच असं सांगितलं आहे. म्हणजे ही सूचना अगदी आत्ताची.

इतका उशीर का, याचंही कारण इतिहासातच आहे. पशुवैद्यकाची पहिली शाळा निघाली फ्रान्समध्ये लिऑन इथे, १७६२ साली. ती काढणारा क्लोद बुर्जला हा घोडेस्वारीच्या शाळेचा प्रमुख होता, आणि त्या काळची मोठी चिंता होती गुरांची साथ. आपल्याकडे मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाच्या आवारात १८८६ साली पशुवैद्यकीय कॉलेज सुरू झालं. तेव्हा मुंबईच्या ट्रामसुद्धा घोडे ओढत होते. शहर चालायचं ते घोड्यांवर आणि बैलांवर. मराठीत अजूनही आपण 'गुरांचा डॉक्टर', 'गुरांचा दवाखाना' म्हणतो. त्या शब्दातच सगळं आलं. शेती, सैन्य, वाहतूक यांना ज्या जनावरांची गरज, त्यांच्यासाठी हे शास्त्र उभं राहिलं. मांजर त्या यादीत पार शेवटी.

पुढे मांजराचं आयुष्यही बदललं. १९४७ साली अमेरिकेत एड लो नावाच्या माणसाने शेजारणीला वाळूऐवजी भाजलेल्या मातीचे खडे दिले, आणि त्यातून 'किटी लिटर' हा धंदाच उभा राहिला. मांजराची शी-शू घरातच सोयीने होऊ लागली, तशी शहरातली मांजरं चोवीस तास घरात राहू लागली. आज आपल्या फ्लॅटमधलं, खिडकीला जाळी लावलेलं मांजर त्याच वाटेवरचं. पूर्वीच्या मांजराची हद्द म्हणजे निदान चार घरं आणि एक गल्ली तरी असायची. आताच्या मांजराची हद्द दोन बेडरूम-हॉल-किचन. तिच्या बाहेर ते पडतं फक्त पिंजऱ्यातून, आणि पोचतं ते सुई टोचणाऱ्या माणसाकडे.

या अडचणीवर न्यूयॉर्कच्या डॉ. लुई कामुटी यांनी साधा तोडगा काढला. मांजराला आणू नका, मीच येतो! फक्त मांजरांवर उपचार करणारे अमेरिकेतले ते अगदी सुरुवातीचे डॉक्टर. घरोघरी जाऊन मांजरं तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं. १९८० साली त्यांच्या आठवणींचं पुस्तक आलं, त्याचं नावच 'माझे सगळे पेशंट पलंगाखाली आहेत' अशा अर्थाचं आहे. म्हणजे डॉक्टर घरी आला तरी मांजर लपतंच :-) पण निदान हद्द तरी सुटत नाही. आपल्याकडेही मोठ्या शहरांत घरी येणारे डॉक्टर मिळतात. पण एक्स-रे, सोनोग्राफी, सलाईन घरी कसं होणार? पिंजरा सुटत नाही.

तर आता पिंजऱ्याकडे वळू. मांजर आणि बंद पेटी यांचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो भलत्याच कारणाने. १८९८ साली कोलंबिया विद्यापीठात एडवर्ड थॉर्नडाइक या तरुण संशोधकाने लाकडी पेट्या बनवल्या. आत भुकेलं मांजर, बाहेर खाणं. आतला दोरा ओढला किंवा खटका दाबला की दार उघडणार. मांजर आधी चावायचं, ओरबाडायचं, गजांतून पंजे बाहेर काढायचं. त्यात कधीतरी चुकून खटका दाबला जायचा. पुन्हा पुन्हा केल्यावर मात्र सुटायला लागणारा वेळ कमी कमी होत जायचा. त्यावरून त्याने नियम मांडला, की ज्या कृतीचा शेवट सुखाचा होतो ती कृती पुन्हा केली जाते. आजच्या सगळ्या प्राणी-प्रशिक्षणाच्या मुळाशी हा नियम आहे.

आता याकडे पिंजऱ्याच्या बाजूने बघा. मांजर एकदा पिंजऱ्यात गेलं, शेवट झाला इंजेक्शनने. दुसऱ्यांदा गेलं, शेवट थर्मामीटरने (आणि मांजराचा थर्मामीटर कुठे लावतात ते आठवा). तिसऱ्यांदा ते पिंजरा बघूनच पळतं. यात त्याचा हट्टीपणा कुठे आला? थॉर्नडाइकच्या नियमाप्रमाणे ते व्यवस्थित शिकलं आहे. सिस्टिम बरोबर चालते आहे, इनपुट आपण चुकीचं देतोय.

मांजराला पेटीची सवय लावता येते हेही फार पूर्वी सिद्ध झालं होतं, पण दुसऱ्याच कामासाठी. १९६३ साली फ्रेंचांनी अंतराळासाठी १४ मांजरी तयार केल्या. त्यांना अरुंद पेटीत बसायची, रॉकेटच्या आवाजाची, गरगर फिरणाऱ्या यंत्राची सवय लावली. १८ ऑक्टोबरला त्यांतली फेलिसेट अल्जीरियातल्या हम्मागीर तळावरून सुमारे दीडशे किलोमीटर उंच जाऊन पॅराशूटने जिवंत परत आली. तिची निवड झाली त्यात तिचा शांत स्वभाव हेही एक कारण होतं. काही आठवड्यांनी मेंदू तपासण्यासाठी तिला मारून टाकलं. २०१९ मध्ये स्ट्रासबुर्गला तिचा पुतळा उभा राहिला. ही गोष्ट वाचून मला बरं वाटलं नाही. पण एक दिसतं, की माणसाला जेव्हा स्वतःची गरज होती तेव्हा मांजराला हळूहळू सवय लावायचा वेळ त्याने काढला. मांजराच्या स्वतःच्या औषधपाण्यासाठी मात्र सोपा मार्ग धरला, गुंगीची गोळी.

१९५० च्या दशकापासून आलेल्या एसप्रोमाझिनसारख्या औषधांनी मांजर सुस्त व्हायचं, हलायचं नाही. मालक खूश, डॉक्टर खूश. पण हलणं थांबलं म्हणजे भीती गेली असं नव्हे, हे नंतर लक्षात आलं. एरर मेसेज बंद केला म्हणून बग सुटत नाही, तसंच.

आणि ही भीती फक्त 'बिचारं घाबरलं' एवढ्यापुरती नसते. ती रिपोर्टमध्ये उतरते. १९९९ साली एका प्रयोगात मांजरांच्या शरीरात बसवलेल्या यंत्राने रक्तदाब सतत मोजला, आणि मग दवाखान्यासारखी तपासणी करून बघितली. रक्तदाब सरासरी १७-१८ अंकांनी वर गेला. सरासरीच्या आत मात्र भलताच गोंधळ होता. काहींचा कितीतरी जास्त चढला, तर काहींचा चक्क उतरला. म्हणजे ठरावीक आकडा वजा करून खरा रक्तदाब काढायची सोयसुद्धा नाही! २००२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी २० निरोगी मांजरांना पाच मिनिटं पाण्याच्या फवाऱ्याखाली आंघोळ घातली आणि रक्तातली साखर मोजली. साखर वाढली, आणि ती वाढ मांजरांच्या झटापटीशी जोडलेली निघाली. मधुमेह नसलेल्या मांजराची साखर नुसत्या धडपडीने वाढू शकते.

मनीच्या बाबतीत मला हे फार महत्त्वाचं वाटतं. किडनीच्या आजारात रक्तदाब वाढतो, आणि वाढलेला रक्तदाब वेळेत कळला नाही तर मांजर अचानक आंधळं होऊ शकतं. उलट खोटा वाढलेला आकडा खरा धरला तर नको ते औषध सुरू होतं. म्हणून चांगले डॉक्टर आधी मांजराला पाच-दहा मिनिटं शांत बसू देतात, पहिलं मोजमाप सोडून देतात आणि पुढच्या पाच-सहांची सरासरी घेतात. पण रिक्षातूनच ते अर्धमेलं होऊन आलं असेल तर दहा मिनिटं कशी पुरणार? तपासणी दवाखान्यात सुरू होत नाही, ती घरी पिंजरा बाहेर काढल्यापासून सुरू होते.

गेल्या तीस वर्षांत मात्र चित्र बदलत गेलं. मांजर ओळखीच्या वस्तूंवर गाल घासतं, त्यातून आपला वास मागे ठेवतं. १९९० च्या दशकात फ्रान्सच्या पात्रिक पाजा यांनी त्या गंधद्रव्यांचा अभ्यास केला आणि त्यातल्या एका भागाची नक्कल स्प्रे म्हणून बाजारात आली. 'ही जागा माझी आहे' हा निरोप पिंजऱ्यावर फवारायचा, अशी कल्पना. सगळ्या प्रयोगांत तिचा गुण सारखाच आलेला नाही, पण विचाराची दिशा बदलली ती अशी. २०१४ मध्ये नेदरलँड्सच्या एका निवारागृहात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. खोकंवाली मांजरं लवकर सावरली. म्हणजे मांजराला पेटीचं वावडं नाही, पेटी तर त्याला आवडते! नवीन मिक्सरचं खोकं आणून ठेवा, मिक्सरच्या आधी त्याचा वापर मांजर सुरू करतं. खोक्यात ते स्वतः जातं, पिंजऱ्यात आपण ढकलतो. फरक तेवढाच आहे, आणि तोच सगळा आहे.

२०१८ साली व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २२ मांजरं, त्यांतल्या ११ जणांना सहा आठवड्यांत २८ वेळा थोडं थोडं शिकवलं. आधी पिंजऱ्याचा नुसता तळ, त्यावर चादर आणि खाऊ. मग झाकण, मग दार, मग गाडीत छोटी फेरी. शिकवलेली मांजरं प्रवासात कमी घाबरली आणि त्यांची तपासणीही लवकर उरकली. थॉर्नडाइकचाच नियम, फक्त उलट्या दिशेने. तेव्हा बक्षीस पेटीच्या बाहेर होतं, आता ते आत ठेवलं.

औषधंही सुधारली. २०१७ मध्ये अमेरिकेत २० मांजरांवर झालेल्या प्रयोगात निघण्याच्या दीड तास आधी दिलेल्या गाबापेंटिनने भीती कमी झालेली दिसली. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मांजरांसाठी प्रीगाबालिनला परवानगी दिली, कारण नोंदलं आहे 'प्रवास आणि डॉक्टरची भेट यांमुळे येणारी भीती'. म्हणजे थॉर्नडाइकच्या पेटीपासून सव्वाशे वर्षांनी ती भीती सरकारी कागदावर दुखणं म्हणून आली. (ही औषधं डॉक्टरला विचारूनच, बरं का. किडनीच्या मांजराला मात्रा वेगळी लागते. आणि पहिला डोस प्रवासाच्या दिवशी न देता आधी एकदा घरी देऊन बघणं बरं.)

या सगळ्या वाचनातून घरात काय बदललं ते थोडक्यात सांगतो. पिंजरा माळ्यावरून कायमचा खाली आला. आता तो हॉलच्या कोपऱ्यात असतो, आत मनीची जुनी चादर, आणि दिवसातून एकदा सुकटीचा एक तुकडा. दार उघडंच. पिंजरा असा घेतला, की वरचं झाकण क्लिपा काढून सुटतं. त्यामुळे डॉक्टर तिला ओढून न काढता तळात बसल्या बसल्याच तपासतात. नेताना वर टॉवेल टाकतो, हँडलला लटकवून झोके देत न नेता खालून दोन्ही हातांनी धरतो, आणि रिक्षात मांडीवर घट्ट धरून बसतो. घरी दुसरं मांजर असेल तर आल्यावर लगेच दोघांना समोरासमोर आणू नये, कारण दवाखान्याचा वास घेऊन आलेलं मांजर घरच्या मांजराला परकं वाटतं. तासभर वेगळ्या खोलीत ठेवलं तर भांडणं टळतात.

असो. यात महागडं असं काहीच नाही, लागतो तो वेळ. सहा आठवडे, रोज पाच मिनिटं. इतकी हजार वर्षं आपण मांजराला होडीतून, पोत्यातून, रॉकेटमधूनसुद्धा नेलं, आणि दर वेळी कुठे जायचं ते आपणच ठरवलं. ते यापुढेही आपणच ठरवणार आहोत, कारण ब्लडप्रेशर मोजून घ्यावं हे मांजराला कधीच पटणार नाही. पण पिंजऱ्यात पहिलं पाऊल तरी त्याने स्वतःच्या पायाने टाकावं, एवढी सोय आपल्याला नक्की करता येते. तुमच्या घरी मांजर असेल तर पिंजरा आजच खाली काढून ठेवा. पुढची तारीख लांब आहे तोवरच त्याचा उपयोग आहे.